ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

गेल्या तीन महिन्यांत आत्याला घेऊन सरकारी रुग्णालयात पाच खेपा झाल्या. कोणतं रुग्णालय ते मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही, आणि जी तक्रार आहे ती सोडवणं त्यांच्या हातात नाही.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. केसपेपरच्या खिडकीशेजारी भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलाय. तो स्कॅन केला की आभा खात्यातलं, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्यातलं, नाव, वय, पत्ता आपोआप आतल्या कॉम्प्युटरवर जातं आणि आपल्या फोनवर टोकन नंबर येतो. ‘स्कॅन अँड शेअर’ म्हणतात याला, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली सोय. याच रांगेत मी पूर्वी तास-तासभर उभी राहिलेय. शिवाय आत्याच्या पिशवीत तीन जुने केसपेपर आहेत आणि तिन्हींवर तिच्या नावाची स्पेलिंगं वेगळी. एकावर तर वय दहा वर्षांनी कमी लागलंय, ते तिला आवडतं ती गोष्ट वेगळी. हा घोळ आता संपला. त्या दिवशी दहा मिनिटांत टोकन घेऊन मी ऐटीत बाकाजवळ आले.

बाकावर आत्या बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत साधा बटणांचा फोन, तोही बंद. पेशंट ती. खातं तिचं. आभाचा १४ आकडी नंबर तिचा. आणि सगळं चालू होतं माझ्या फोनवर. तेव्हा मला यात काही खटकलं नाही. खटकलं तिसऱ्या खेपेला.

माझ्यापुढे एक बाई होती, तिशीतली, एकटीच आलेली. खिडकीतल्या मुलाने आभा खात्यासाठी तिचा आधार नंबर टाकला आणि म्हणाला, “ओटीपी सांगा.” तिने पदराच्या टोकाने घाम पुसला आणि नवऱ्याला फोन लावला. नवरा कामावर. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, तर मागे मशीनचा आवाज. “सहा आकडे आलेत का बघा ना... नाही, तो नाही, आत्ताचा.” त्याने वाचून दाखवेपर्यंत वेळ संपली. परत पाठवला. आता त्याने आधीचाच आकडा वाचला. मागून कोणीतरी “अहो ताई, चला” करायला लागलं. मुलगा वाईट नव्हता, अगदी सौम्यपणे म्हणाला, “ताई, बाजूला थांबा, आला की सांगा.”

सरकारी दवाखान्याच्या रांगेत ‘बाजूला थांबा’ म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे.

आभा ऐच्छिक आहे. नियमात तसंच आहे, ते नसलं म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. पण पाटीवर ‘आभा कार्ड सोबत आणावे’ एवढंच लिहिलेलं असताना ‘ऐच्छिक’ हा शब्द त्या बाईला कोण सांगणार?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या ५४ टक्के. तोही कुठलाही मोबाइल, स्मार्टफोनच असं नाही. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांच्या बाबतीत ओटीपी नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या नाहीतर शेजारणीच्या फोनवर जाणार.

आणि हा प्रश्न रांगेत किती वेळ गेला एवढ्यावर थांबत नाही. या व्यवस्थेत तुमची कागदपत्रं तुमच्या संमतीशिवाय कोणाला दिसत नाहीत, असं सांगितलं जातं. फार चांगलं तत्त्व आहे. पण संमती मागितली जाते फोनवर. फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर संमती देणार कोण? टीबीच्या तपासणीचा मेसेज, एचआयव्हीचा, पाळी चुकली म्हणून केलेल्या तपासणीचा, पहिल्यांदा वाचणार कोण? कागदाचा रिपोर्ट निदान ब्लाउजमध्ये लपवून घरी नेता यायचा. हे वाक्य लिहायला मला बरं वाटत नाहीये, पण खोटं नाही.

आपल्याला हे माहीत नव्हतं असंही नाही. २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी कोविडची लस सुरू झाली तेव्हा कोविनवर, म्हणजे लसीसाठीच्या सरकारी पोर्टलवर, आधी नोंदणी सक्तीची होती. ज्यांच्याकडे फोन नाही, नेट नाही त्यांचं काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात सरकारला खडसावलं. त्याच सुमारास थेट केंद्रावर नोंदणीची वाट मोकळी करावीच लागली. आणि गंमत बघा, त्याच कोविनवर सुरुवातीपासून एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंद करता यायची. म्हणजे बनवणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की फोन माणसाचा नसतो, घराचा असतो. मग ओटीपी एकट्या माणसाचा का धरून चालायचा?

ई-संजीवनीचं, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचं, उदाहरण मला यात फार बोलकं वाटतं. तिचे दोन प्रकार आहेत. एकात पेशंट घरून आपल्या फोनवरून थेट डॉक्टरांशी बोलतो. दुसऱ्यात पेशंट गावच्या उपकेंद्रात जातो, तिथली आरोग्य अधिकारी त्याला स्क्रीनसमोर बसवते, बीपी घेते, त्याचं म्हणणं डॉक्टरांना सांगते आणि डॉक्टरांचं त्याला. घरून आत्यासाठी मी पहिला प्रकार करून पाहिला. आवाज तुटत होता, आत्या स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघून उत्तरं देत होती, आणि “कुठे दुखतं?” या प्रश्नाला तिने गुडघा दाखवला तेव्हा कॅमेरा छताकडे होता. दुसऱ्या प्रकारात निदान शेजारी बसलेलं एक माणूस असतं. तंत्रज्ञान तेच, फरक त्या खुर्चीतल्या बाईचा.

म्हणून ‘कागद परत आणा’ असं माझं म्हणणं नाही. (तरी जाता जाता: २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला तेव्हा देशातल्या त्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात कित्येक दिवस कागद-पेनावरच काम चाललं. कागदाला इतकंही हसू नये.) माझं म्हणणं आहे की क्यूआर कोडच्या शेजारी विनाफोनची एक खिडकी हक्काची असू द्या, मेहेरबानीची नको. आणि पेशंटबरोबर येणाऱ्या माणसाला व्यवस्थेत नाव द्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत काळजी घेणाऱ्याला पेशंटच्या वतीने वेगळी परवानगी मिळते, तो स्वतःच्या नावाने आत जातो, आणि किती दिसावं हेही ठरवता येतं. आपल्याकडे मी आत्याचं खातं उघडते तेव्हा कॉम्प्युटरच्या लेखी मी आत्याच असते. उद्या मी काहीही मंजूर केलं तरी ते तिनेच केलेलं.

मागच्या खेपेला बाहेर पडताना आत्याने तो १४ आकडी नंबर जुन्या केसपेपरच्या पाठीमागे लिहून घेतला, एकेक आकडा मला विचारून. घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, “पुढच्या सोमवारी मी येईन गं एकटी. आता नंबर आहे माझ्याकडे.”

“आत्या, मेसेज माझ्या फोनवर येतो.”

ती जरा थांबली. “मग तू रजा टाक,” म्हणाली.