करडाच्या अंगावरची शाल

तो फोटो तुम्ही बघितला असेलच, गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून झालाय. फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदारनानांच्या गोठ्यातलं करडू आणि त्याच्या अंगावर सव्वीस जानेवारीच्या सत्काराची शाल. सोनेरी किनार नेमकी वर आलेली, घडीची रेघसुद्धा मोडलेली नाही. रविवारी संध्याकाळी पारावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं.

तोंड अध्यक्षांनी फोडलं. गावातल्या सत्कारांचं सगळं तेच बघतात, म्हणून अध्यक्ष हे नाव पडलंय. बोलायला लागले की ते उभे राहतात. पारावर आम्ही पाचच होतो, पण आवाज पाचशे माणसांचा लावला.

"हा एकट्या माझा अपमान नाही. हा समस्त ग्रामस्थांचा अपमान आहे! ज्या शालीनं आपण एका योद्ध्याचा यथोचित गौरव केला..."

"बसा की, माईक न्हाई हितं," टेलर म्हणाला. त्याचं दुकान पाराला लागूनच आहे. हातात कुणाचं तरी परकराचं काम होतं, मान वर न करताच तो बोलत होता. "आणि ती शाल मी हातात घेऊन बघितलीय. डझनाच्या भावात येती तसली. निव्वळ पॉलिस्टर. तिच्यात ऊब असती तर नानांनी स्वतःच पांघरली नसती का?"

"भावना बघायची असते, टेलर! कापड नाही!"

"भावनेनं थंडी जात न्हाई, मर्दा. आमच्या माणदेशातली तर न्हाईच."

मास्तर तोवर चहा फुंकत गप्प होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण प्रश्न अजून वर्गातल्यासारखाच विचारतात. "अध्यक्ष, नानांना किती वाजता बोलावलं होतं?"

"साडेसात."

"आणि सत्कार किती वाजता झाला?"

अध्यक्ष म्हणाले, पाहुण्यांना तीन ठिकाणचे कार्यक्रम होते, मोठ्या माणसांचं असंच असतं. साडेदहा वाजले होते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी त्या दिवशी नानांच्या मागच्याच खुर्चीवर होतो. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस तीन तास पाठ न टेकता बसला. छातीवर एकाहत्तरच्या युद्धाची दोन पदकं, पूर्वी स्टार आणि संग्राम, दोन्ही हात गुडघ्यावर. मध्येच मान जराशी वळवून त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "बाळ, लघवीला कुठं जाता यील?" स्टेजला पायऱ्या होत्या, पण धरायला काही नव्हतं. मी एका बाजूनं आणि पिंट्यानं दुसऱ्या बाजूनं असं धरून त्यांना खाली उतरवलं. परत येईपर्यंत त्यांच्या खुर्चीवर कुणाचा तरी कार्यकर्ता बसला होता. नाना त्याला काही बोलले नाहीत, बाजूला उभे राहिले. मला तो प्रसंग अजून खुपतो. पारावर मी तो सांगितला तेव्हा अध्यक्षांनी घसा खाकरला आणि ते प्रथमच खाली बसले.

पण गप्प बसतील तर ते अध्यक्ष कसले! "हे बघा, सरकार सगळं देतंय. पेन्शन आहे, दवाखाना आहे, मिलिटरी कॅन्टीन आहे..."

"कॅन्टीनचं तुम्ही बोलू नका," टेलरनं सुई थांबवली. "नानांच्या कार्डावरचा बाटल्यांचा कोटा गेली दोन वर्षं कुणाच्या कपाटात जातोय, सांगू का हितं?"

चहावाला एवढा हसला की पातेल्यातला चहा उतू गेला. अध्यक्ष म्हणाले, ते औषध म्हणून. टेलर म्हणाला, "मग औषधावानी चमच्यानं घ्या की! आणि विषय निघालाच हाय तर पोराच्या लग्नातल्या सफारीची शिलाई राहिलीय. त्या पोराचं पोरगं आता शाळेत जातंय." हे जुनं दुखणं आहे. महिन्यातून एकदा तरी ते वर येतं आणि पैसे काही येत नाहीत.

पेन्शनचा मुद्दा मात्र मास्तरांनी सोडला नाही. "अध्यक्ष, वन रँक वन पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू धरली. तोवर त्याच हुद्द्यावरून, तेवढ्याच नोकरीनंतर आधी निवृत्त झालेल्याला कमी आणि नंतरच्याला जास्त, असं चालायचं. नाना कित्येक वर्षं त्या कमीवाल्या रांगेत होते. आणि माजी सैनिकांची घरपट्टी माफ करायचं सरकारनं २०२० सालीच ठरवलं. तरी नानांच्या दाराला यंदाही नोटीस चिकटवलीच ना?"

"त्यांनी पुरावा जोडला नसेल. कार्यालय नियमानं चालतं."

"जोडला होता," पिंट्या म्हणाला. "मीच झेरॉक्स काढून दिली. साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला होता. ग्रामपंचायतीतले म्हणाले हरवला, परत आणा. पहाटेची एसटी धरून नाना परत गेले."

टेलर परकर बाजूला ठेवून म्हणाला, "स्टेजवर बसवताना पुरावा मागितला न्हाई. घरपट्टी माफ करताना पुरावा लागतो. एकच माणूस, एकच गाव."

त्यावर कुणी काही बोललं नाही.

पिंट्याचं थोडं सांगायला हवं. तो रोज पहाटे डांबरीवर पळतो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतो, पण मेडिकलला गुडघे जुळतात म्हणून दोनदा परत आला. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, तेव्हापासून घरचे म्हणतात, चार वर्षांसाठी कशाला, त्यातले पंचवीस टक्केच पुढं कायम होणार. हा तरी पळतोच. टेलर त्याला चिडवतो, "तुझे गुडघे एकमेकांला मुजरा करत्यात, चीन काय घाबरणार?" पण नानांची कामं पिंट्याच करतो. नानांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो सणाला येतो.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं लचांड झालं. जन्मभर खुरपं आणि दोर धरून नानांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्यात, मशीनवर अंगठा उठेना. शेवटी पिंट्यानं मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढायचं ठरवलं. ॲप म्हणतं, डोळे मिचकवा. नाना खुर्चीत सावधान बसलेले, पापणी हलवीनात.

"नाना, डोळे मिटा की."

"का?"

"तुम्ही जिवंत हाय हे त्याला कळायला पायजे."

"त्येला म्हणावं, परेड सुटल्यावर मिटतो."

पिंट्यानं हे सांगताना नानांचा आवाज असा काढला की अध्यक्षसुद्धा हसले. हसू ओसरल्यावर म्हणतात कसे, "आदर आहेच हो. पण आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी आहे. प्रत्येकाचं कुठवर करायचं?"

मास्तर उखडले. त्यांना चिडलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. "घरटी फौजी आहे म्हणून त्यांची किंमत कमी होते काय? अपशिंग्याला जाऊन या एकदा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. दगडावर लिहून ठेवलंय तिथं. त्या गावानं कधी विचारलं का, प्रत्येकाचं कुठवर करायचं? देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली, ती काय इथली हवा चांगली म्हणून?"

मग मास्तर जमालपूरवर आले. नाना पहिल्या मराठा बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणचे. डिसेंबर १९७१. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण ठाण मांडून बसलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचा एक माणूस ती घेऊन गेला आणि उत्तरात चिठ्ठीत गुंडाळलेली बंदुकीची गोळी घेऊन आला. १० डिसेंबरच्या मध्यरात्री तिथली फौज वेढा फोडून निघाली आणि रस्ता अडवून बसलेल्या जंगी पलटणवर येऊन आदळली. दुसऱ्या दिवशी टांगाईलला आपली दोन नंबरची पॅरा बटालियन छत्र्यांनी आकाशातून उतरली, तीही मूळची तिसरी मराठाच. १२ तारखेला पुंगलीच्या पुलावर दोघींची गाठ पडली, आणि १६ तारखेला ढाका.

"नाना ह्यातलं कधीच काय सांगत न्हाईत," पिंट्या म्हणाला.

"मला एकदा सांगितलं," टेलर म्हणाला. "शर्टाचं माप घेत होतो. डावा खांदा उतरलाय त्यांचा, तिथं मी दीड बोट जास्त कापड धरतो. म्हणलं, नाना, हे कशानं? म्हणाले, चिठ्ठीतनं गोळी आली तवाच कळलं, आज झोप न्हाई. मग म्हणाले, माझ्या उजव्या हाताला होता त्यो झोपला. एवढंच. पुढं म्हणाले, खिसा डाव्या बाजूला लाव."

चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी काठीचा आवाज आला. नाना होते. काखेत करडू, आणि करडाच्या अंगावर तीच शाल, सुतळीनं बांधलेली. अध्यक्ष उठले, हात जोडावेत की नाही ते त्यांना ठरवता येईना. पिंट्यानं पारावर जागा केली. नाना बसले नाहीत, थेट टेलरपुढं जाऊन उभे राहिले.

"सुतळी काचती ह्येला. पोटाखालनं बंद लावून दे बाबा. परवा राती झालंय, आय जवळ घीना. थंडीनं काकडत हुतं. ट्रंक उघडली, ही वरच हुती."

टेलरनं गळ्यातली टेप काढली आणि माणसाचं घ्यावं तसं करडाचं माप घेतलं. छाती, मग लांबी. आकडे त्यानं वहीत लिहिलेही. करडू वळवळायला लागलं, तसं टेलर म्हणाला, "अध्यक्ष, धरा जरा." अध्यक्षांनी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या बाह्या सावरल्या आणि दोन्ही हातांनी करडू धरलं.

नाना त्यांच्याकडं बघत होते. म्हणाले, "अध्यक्ष, बरं झालं घावला. दुसरी हाय का वो शाल? जुळी हायती."

पार असा हसला की समोरच्या मारुतीच्या देवळातली कबुतरं उडाली. अध्यक्षांना हसू आवरेना आणि करडू सोडता येईना. "देतो नाना, देतो, घरी गठ्ठाच आहे," एवढं त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं. टेलर दाताखाली दोरा धरून म्हणाला, "घेऊन या. दोन्हीचे बंद मी फुकट लावतो. सफारीचं तेवढं बघा."