काका, दंड मोकळा करा

"काका, दंड मोकळा करा."

मी मागं वळून बघितलं. मागं कुणीच काका नव्हते. माझ्या आधी आत गेलेल्या, चांगल्या सत्तरीच्या गृहस्थांना हीच मुलगी 'सर' म्हणाली होती, हे नोंदवून ठेवतो.

लस दंडाच्या वर, खांद्याच्या स्नायूत टोचतात. हे मला दरवर्षी कळतं आणि दरवर्षी मी घट्ट बाह्यांचा फुल शर्ट घालून जातो. त्यात यंदा फ्लूची डाव्या हाताला, कोव्हिडची उजव्या. शर्ट पूर्ण उतरवावा लागला. बनियनला भोक होतं. त्याच वेळी दार उघडं होतं.

मग बाहेर पंधरा मिनिटं बसायचं, चक्कर-बिक्कर येते का पाहायला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "भोक पडलंय, माहितीय ना?"

ओळख झाली ती अशी.

"मी नाही घेत हां. मिसेसला घेऊन आलोय. मला फ्लू होतच नाही," असं म्हणून ते खोकले. मुठीत नाही, रुमालात नाही, थेट माझ्या दिशेनं. "ॲलर्जी," ते म्हणाले. "मला एक सांगा, गोवराची लस लहानपणी घेतली की संपलं. हिलाच दरवर्षीचा रतीब कशाला?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण भोकाची भरपाई ज्ञानानं करावी असं वाटलं. म्हटलं, फ्लूचा विषाणू सारखा रूप पालटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात, आणि पुढच्या हंगामात कोणते विषाणू फिरतील याचा अंदाज बांधून लशीत काय घालायचं ते सुचवतात.

"सहा-सात महिने आधीच?"

"हो. लस बनवायला वेळ लागतो."

"आणि तसं विषाणूला कळवतात का?"

याला काय उत्तर देणार! मी शेवटचा पत्ता टाकला: 'बी यामागाता' नावाची फ्लूची एक शाखा मार्च 2020 नंतर खात्रीनं कुठं सापडलेलीच नाही, म्हणून चार विषाणूंची लस आता तिनांवर आणलीय.

"एक कमी केला? मग सुई तेवढीच कशी?" पुन्हा खोकला.

खरं सांगू, आता हसू येत नाही. 2021 मध्ये लशीसाठी ओळखी काढत फिरणारी माणसं आता घेणाऱ्याकडं भित्रा म्हणून बघतात. तोंडावर हात न धरता खोकणारा मात्र 'तब्येतीनं खणखणीत'!

तेवढ्यात मिसेस बाहेर आल्या. "अहो, तुमचंही नाव लिहिलंय मी. चला."

गृहस्थ एकदम मवाळ झाले. "आज नको गं. कालपासून अंगात ताप आहे."

कालपासून! माझी पंधरातली अकरा मिनिटं त्यांच्या मांडीला मांडी लावून गेली होती, आणि लशीचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात.

आज तिसरा दिवस. घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय. टोचतात त्या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होऊच शकत नाही, हे मी घरात चार वेळा सांगून झालं. पाचव्या वेळी आवाजच फुटला नाही.

"तरी सांगत होतो," मेहुण्याचा फोन आला, "लशीनंच येतो तो."