केबल नव्हती, शिव्या मात्र रायडरला

आज सकाळी एका मित्राने मोठ्या अभिमानाने स्क्रीनशॉट टाकला. दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या ॲपवर दहा वस्तूंची ऑर्डर, नऊ आल्या, चार्जिंगची केबल ऐनवेळी रद्द. खाली त्याची मल्लिनाथी: 'पोराला दारातच असा झाडला की पुन्हा हिंमत करणार नाही.' त्यावर हसऱ्या इमोजींची रांग.

डोकं सणकलं. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगतो.

अरे, रायडरच्या, म्हणजे माल घरी आणून देणाऱ्या पोराच्या, हातात बंद पिशवी येते. केबल हुकली ती त्याच्या कितीतरी आधी, गिऱ्हाईकाला आत येऊ न देणाऱ्या त्या छोट्या गोदामात. डार्क स्टोअर म्हणा, हब म्हणा. तिथे मोठ्या गोदामातून गाडी येते, बहुधा रात्री किंवा पहाटे. क्रेट उतरतात, इन्वर्ड होतं, म्हणजे काय आलं आणि किती आलं ते स्कॅन करून चढवायचं. मग पुटअवे: वस्तूचा बारकोड मारायचा, कप्प्याचा बारकोड मारायचा, माल लावायचा. कागदावर सोपं आहे. पण गाडी उशिरा आली आणि तिकडे ऑर्डरी वाजायला लागल्या की पोरं काय करणार? एकच केबल स्कॅन करून 'नग १२' टाकतात. खोक्यात निघतात अकरा. किंवा एक मीटरची आणि दोन मीटरची केबल, खोकं सारखं, रंग सारखा, कप्पे शेजारी-शेजारी. एक नग चुकून पलीकडे जातो. किंवा कुणीतरी फुटकं पाकीट बाजूला काढून ठेवतं आणि ते सिस्टिममधून वजा करायचं राहतं. कॉम्प्युटर म्हणतो एक शिल्लक, कप्पा रिकामा. याला फँटम स्टॉक म्हणतात. या धंद्याचा खरा वैरी तो आहे. ट्रॅफिक त्याच्यापुढे काहीच नाही.

हिशेब करा. ॲपवर दिसणारी वस्तू कप्प्यात खरोखर सापडण्याची शक्यता ९८ टक्के धरू. ऐकायला झकास. पण दहा वस्तूंची ऑर्डर पूर्ण जायची तर दहाही सापडायला हव्यात, म्हणजे ०.९८ चा दहावा घात. येतात जेमतेम ८२ टक्के. शंभरातल्या अठरा ऑर्डरी अर्धवट! अचूकता ९५ वर घसरली तर पूर्ण ऑर्डरी साठावर येतात, आणि ९९.५ वर नेली तर पंच्याण्णववर जातात. म्हणून या शेवटच्या दीड-दोन टक्क्यांसाठी जीव टाकावा लागतो. सगळं गोदाम एकदम मोजत बसायचं नसतं. रोज थोडे कप्पे मोजायचे, भराभर संपणारे आणि महागडे आधी. पिकरने, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे कप्प्यांतून माल उचलणाऱ्याने, स्कॅनरवर 'सापडलं नाही' दाबलं की तो कप्पा त्याच दिवशी मोजायचा. आणि शेवटचे एक-दोन नग ॲपवर दाखवायचेच नाहीत.

हे शेवटचं बरेच जण मुद्दाम करत नाहीत. मित्राच्याच स्क्रीनशॉटमध्ये केबलखाली लाल अक्षरांत लिहिलंय, 'फक्त १ शिल्लक'. गिऱ्हाईकाला घाई लावायला उत्तम. पण गोदामात ज्या आकड्यावर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा, तो हा 'एक'. तो विकायला काढला कुणी? रायडरने?

बरं, वेळेचं. हबपासून घर दोन किलोमीटर, सरासरी वेग ताशी वीस, म्हणजे सहा मिनिटं. तोच पोरगा जिवावर उदार होऊन तीसच्या सरासरीने आला तर चार. वाचली दोन मिनिटं. आणि आत पिकर त्या नसलेल्या केबलसाठी आजूबाजूचे कप्पे उपसत तीन मिनिटं घालवतो, ती कुणाला दिसत नाहीत. दहा मिनिटांचं गणित रॅकमध्ये जमतं नाहीतर फसतं. रोज लागणारा माल पॅकिंगच्या टेबलाजवळ, कंबर ते खांदा या उंचीत, म्हणजे वाकणं नको की शिडी नको. जड माल खाली. एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू शेजारी कधीच ठेवायच्या नाहीत. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधला माल सगळ्यात शेवटी उचलायचा. नाशवंत मालात आधी मुदत संपणारा पुढे; नवा पुढे ठेवला की मागचा तसाच सडतो आणि महिनाअखेरीस सगळे एकमेकांची तोंडं बघतात. ही घडी नीट बसली तर कुणालाही पळावं लागत नाही.

'मग माल जास्त ठेवा ना,' असं एकाने तिथेच सुनावलंय. कुठे ठेवणार? मुळात शहरात शिरायचं म्हणजे जागा इवलीशी. आणि साठ्याचं एक जुनं गणित आहे. एका मोठ्या गोदामाचा माल सोळा छोट्या हबमध्ये वाटला आणि प्रत्येक भागातली मागणी आपापल्या लहरीने वर-खाली होत असली, तर तेवढीच खात्री द्यायला राखीव साठा सोळाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे चौपट लागतो. मोठ्या गोदामात एकीकडची जास्त मागणी दुसरीकडच्या कमी मागणीत जिरते. छोट्या हबमध्ये ती सोय नाही. म्हणून रोजच्या वस्तू भरपूर, आणि केबलसारख्या अधूनमधून जाणाऱ्या वस्तूचे दोन-तीन नग. त्यातला एक चुकला तर निदान तिसरा हिस्सा गेला!

रोबोट येतील आणि सगळं सुटेल म्हणणाऱ्यांनाही हात जोडून नमस्कार. तंत्र सुंदर आहे, वादच नाही. ऑटोस्टोरसारख्या रचनेत पेट्या एकावर एक रचलेल्या, मध्ये वाट नाही, रोबोट वरच्या जाळीवरून फिरतात. तळातली पेटी हवी असेल तर वरच्या पेट्या आधी उपसून बाजूला ठेवायच्या. वापरात असलेल्या पेट्या आपोआप वर राहतात, पडून असलेल्या तळाशी जातात, कपाटातल्या कपड्यांसारखं. मला तर हे बघत बसायला आवडतं. पण पेटीत माल भरतो माणूसच. त्याने अकराचे बारा लिहिले तर रोबोट रिकामी पेटी अगदी अचूक आणून देईल. अवजड खोकी पेटीत मावत नाहीत, ती हातानेच आणून ऑर्डरीत मिसळायची. शिवाय यंत्राचा खर्च दिवसभर चालू, ऑर्डरी मात्र ठरावीक तासांत उसळतात. किराणा साखळ्यांसाठी अशी छोटी स्वयंचलित केंद्रं उभारणाऱ्या टेकऑफ टेक्नॉलॉजीजने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत वेबव्हॅनने घरपोच किराण्यासाठी मोठी यांत्रिक गोदामं बांधली, कोझमोने शहरातच माल ठेवून तासाभरात घरपोच द्यायचा घाट घातला. दोघंही २००१ मध्ये बुडाले. आत्ताच्या लाटेतलं तुर्कस्तानचं गेटीर २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेतून गाशा गुंडाळून मायदेशी परतलं.

हो, मान्य, रात्री ताप चढल्यावर थर्मामीटर दारात येतो तेव्हा मीही दुवा देतो. आणि चार-पाच ऑर्डरी एका फेरीत गेल्या तर तेवढ्या गाड्या रस्त्यावर कमी येतात. (दहा मिनिटांच्या हट्टापायी नेमकं हेच होत नाही. एकत्र फेरी जमायला थोडं थांबावं लागतं. वीस-पंचवीस मिनिटं मागून तर बघा.)

आत उभा असलेला पिकर मात्र कुणाच्याच खिजगणतीत नसतो. स्कॅनरवर सेकंद उलटे पळतायत, कप्पा रिकामा आहे, आणि 'सापडलं नाही' दाबलं तर काही ठिकाणी त्याच्याच नावावर उणे चढतो. मग तो दाबतच नाही, मीटरभराच्या केबलऐवजी दोन मीटरची टाकून मोकळा होतो. आता चूक एकाऐवजी दोन कप्प्यांत. दोष द्यायचा तर असा नियम करणाऱ्याला द्या.

आणि शेजाऱ्यांचं काय? ॲम्स्टरडॅमने २०२२ मध्ये नवीन डार्क स्टोअरना वर्षभर बंदी घातली ती उगाच नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की ही दुकानं नव्हेत, गोदामं आहेत, आणि शहर त्यांना त्या नियमांनी अडवू शकतं. कारण पहाटे माल उतरतो, लोखंडी ट्रॉल्या फरशीवर खडखडतात, फुटपाथभर गाड्या उभ्या. हे सुधारायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही. ट्रॉलीला रबरी चाकं लावा, माल उतरवायला आतली जागा ठेवा, रायडरला बसायला बाकडं आणि जायला संडास द्या. आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या बाहेर पडायच्या एकुलत्या एका दाराशी चार्जिंगला लावू नका. एक बॅटरी पेटली तर आतली सगळी माणसं मागे अडकतील.