मॅडलिन कॅरोल म्हणजे फक्त ती बेडी नाही

आज परत ती रील आली समोर. १९३५ सालचा दिग्दर्शक हिचकॉकचा पिक्चर 'द थर्टीनाइन स्टेप्स', शूटिंगच्या सुरुवातीलाच नायिका मॅडलिन कॅरोल आणि नायक रॉबर्ट डोनटला एकाच बेडीत अडकवलं आणि मग हिचकॉकसाहेब म्हणाले किल्ली सापडत नाहीये. कितीतरी तास दोघं तशीच, असं सांगतात. खाली हसण्याच्या इमोजी आणि 'काय डोकं होतं राव या माणसाचं!' कसलं डोकं?

कॉलेजच्या एकांकिकेच्या तालमीत माझे हात काथ्याने खुर्चीमागे बांधले होते आणि आमचा दिग्दर्शक 'फील येऊ दे जरा' म्हणत सगळ्यांना घेऊन चहाला गेला. मनगटं सोलवटली. बॅकस्टेजच्या एका मुलीने शेवटी गाठ सोडली. पुढे मला बक्षीस मिळालं तेव्हा पाठ थोपटली गेली त्याची, बांधलं म्हणून जमलं म्हणे हिला!

मॅडलिनचंही तेच केलंय लोकांनी. बर्मिंगहॅम विद्यापीठात फ्रेंच घेऊन पदवी घेतलेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी मुलगी, वडिलांचा नाटकाला विरोध, तरी स्टेजवर गेली. १९२८ला पहिला पिक्चर, मूकपटांचा जमाना होता तो, म्हणजे हिचकॉककडे आली तेव्हा ती काही काल आलेली पोरगी नव्हती.

बरं, पिक्चर भारी आहे, मान्य. अडकला डोनटही होता, तेही मान्य. पण खानावळीतला सीन बघा ना, एका हाताला बेडीने हा माणूस लटकलेला आणि तिला ओले स्टॉकिंग्ज काढायचेत, तर ती त्याचा हात गुंतून राहावा म्हणून त्यात सँडविच देते. काय टायमिंग आहे! हे काय किल्ली लपवून येतं? आणि त्याच रात्री तो झोपल्यावर ती स्वतःच बेडीतून हात ओढून काढते, किल्लीबिल्ली काही नाही. मला दरवेळी तो काथ्या आठवतो आणि मी टाळ्या वाजवते.

पुढचं तर कोणी सांगतच नाही. ऑक्टोबर १९४०, लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते, त्यात तिची सख्खी बहीण गेली. हॉलिवूडमध्ये मस्त चाललेलं असताना ही बाई काम थांबवून रेड क्रॉसमध्ये गेली, इटलीत फोजियाला लष्करी हॉस्पिटलमध्ये जखमी पोरांची सेवा केली. फ्रान्समधली स्वतःची हवेली अनाथ मुलांना राहायला दिली. फ्रान्सने लीजन ऑफ ऑनर दिला तिला, अमेरिकेनेही गौरवलं. एवढं सगळं केलेल्या बाईची आठवण काय, तर सेटवर तिची कशी गंमत केली!

लिहिताना चिडले होते, आता फक्त वाटतंय की तिचं काम बघा. रविवारी माझ्याकडे लावू पिक्चर, ज्यांना यायचंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पोहे मी करते.