गळतं तिथं भोक नसतं

रात्री अडीचला पहिला थेंब माझ्या डाव्या डोळ्यावर पडला. पहिला थेंब माणूस स्वप्नात जमा करतो. दुसऱ्याला कूस बदलतो. तिसरा नेमका कानात गेला तेव्हा मी उठून दिवा लावला. पलंगाच्या बरोबर वर, छताच्या रंगाला नारळाएवढा फुगा आला होता आणि तो संथपणे डुलत होता.

"अहो, बघत काय बसलाय? फोडा तो," बायको म्हणाली.

तिचं बरोबर होतं. असा फुगा तसाच राहू दिला तर पाणी रंगाखालून सरकत अख्खं छत धरतं. सुईनं टोचून एकाच जागी उतरवून घेतलेलं बरं. फक्त टोचण्याआधी खाली बादली धरायची असते, हा तपशील मला टोचल्यानंतर सुचला. पुढचे चार दिवस आम्ही गादी वाळवत होतो.

बादली आली आणि टपटप सुरू झाली. गळणाऱ्या पाण्याचा त्रास नाही, त्याच्या आवाजाचा आहे. दोन थेंबांमधलं अंतर कधीच सारखं नसतं, त्यामुळे माणूस पुढच्या थेंबाची वाट बघत जागा राहतो. बायकोनं कपाटातून माझं एक जुनं बनियन काढलं, घडी करून बादलीच्या तळाशी टाकलं आणि आवाज मेला. हे बनियन लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सकाळी मी टेप आणि खडू घेऊन गच्चीवर गेलो. घराचा पुढचा अर्धा भाग स्लॅबचा आणि मागचा कौलारू, आमची झोपायची खोली स्लॅबखाली, दोन्हींच्या सांध्याला लागून. भिंतींपासून मापं घेऊन पलंगाची जागा वर आखली. तिथं भेग नव्हती, साधा ओरखडासुद्धा नव्हता. मी गुडघ्यावर बसून तो चौकोन अर्धा तास न्याहाळला. शेजारच्यांना वाटलं, वास्तुशांत आहे.

पाणी हा प्रकार सरळ चालीचा नाही. स्लॅबमध्ये एकीकडे शिरतं, आतल्या सळईच्या कडेनं किंवा विजेच्या वायरींच्या पाइपातून फिरतं आणि सोयीची जागा मिळेल तिथं टपकतं. कौलांत तर वाशाच्या पोटाला चिकटून आरामात खाली येतं. (दिव्याच्या होल्डरमधून टपकत असेल तर मात्र तपास नंतर, आधी त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य बटणावरून बंद.) आमच्या घरात आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा यांत पुढे चार मीटरचं अंतर निघालं. मी खडूनं आखलेला चौकोन अजून तिथं आहे.

दरम्यान सल्लागार जमले. घरात आजारी माणूस असला तर लोक निदान चपला काढून आत येतात. छप्पर आजारी असलं की दारातूनच मान वर करून निदान करतात. कुणी म्हणालं डांबर ओता, कुणी म्हणालं स्लॅब पाडा. एकानं छताला आतून तेलरंग मारायला सांगितलं. डाग दिसेनासा होतो, हे खरं. पाणी मात्र वरच कोंडतं, सळई गंजते, गंजताना फुगते आणि काही वर्षांनी काँक्रीटचा पोपडा डोक्यात पडतो. हा सल्ला मी दोन वर्षांपूर्वीच स्वतःहून अमलात आणला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वरूनही मी हात चालवला होताच. गच्चीवर तीन वर्षं दरवर्षी वॉटरप्रूफ रंगाचा एक हात, शेवाळावर, धुळीवर, एकदा तर वाळत घातलेल्या पापुद्र्यासारख्या जुन्या थरावरच. तो सापाच्या कातीसारखा निघून आला. असा रंग लावायचा तर पृष्ठभाग घासून, धुऊन, पूर्ण वाळलेला हवा. भेग आधी व्ही आकारात खोदून भरायची, मग एक हात उभा आणि तो वाळल्यावर दुसरा आडवा. हे सगळं डब्यावर छापलेलं होतं. डबा मी उघडण्यासाठी वापरला, वाचण्यासाठी नाही.

मग पाण्याच्या नळीची चाचणी. एकानं वर नळी धरायची, दुसऱ्यानं खाली छताकडे बघत बसायचं. मी वर, बायको खाली.

"आलं का?" मी वरून.

"काय?"

"पाणी!"

"तुम्ही सोडलंत का?"

मी आधी सगळ्या गच्चीवरच नळी फिरवली. दहा मिनिटांनी ती ओरडली, "आलं!" आणि पाणी कुठून आलं ते दोघांनाही कळलं नाही, कारण सगळंच ओलं. खरी रीत अशी की सगळ्यांत खालच्या कडेपासून सुरुवात करायची, एका जागी बराच वेळ पाणी सोडायचं, आत आलं नाही तरच थोडं वर सरकायचं. दुसऱ्या दिवशी तसं केलं. तिसऱ्या तासाला, कौलं जिथं गच्चीच्या कठड्याला टेकतात तिथं नळी नेली आणि खालून "आलं!" इतक्या आनंदात ऐकू आलं की मला वाटलं निकालच लागला.

मिस्त्री आले. बोटानं त्या सांध्यातला जुना सिमेंटचा पट्टा दाबला, तो बिस्किटासारखा तुटला. "साहेब, छप्पर मधोमध गळत नसतं. कडेला गळतं," ते म्हणाले. कडा, कोपरे, पाइप वर निघतो ती जागा, दोन उतार मिळतात ती पन्हळ, चोर तिथं असतो. त्यात आमच्याकडे एका बाजूला काँक्रीट, दुसऱ्या बाजूला लाकूड. दोन्ही उन्हात आणि पावसात आपापल्या चालीनं हलणार आणि मध्ये ताठ सिमेंट. ते फुटायचंच. उपाय म्हणजे भिंतीत खाच पाडून तीत पत्र्याच्या पट्टीची वरची कड बसवायची, खालची कड कौलांवर उतरवायची आणि खाच लवचीक सीलंटनं भरायची.

"त्यापेक्षा छप्परच बदलू का?" मी मोठेपणानं विचारलं. मिस्त्रींनी पेचकस काढला आणि वाशावाशाला टोचत गेले. सगळीकडे ठणठणीत, सांध्याजवळच्या दोन ठिकाणी मात्र पातं अर्धं आत गेलं. "दोन वासे बदला, चारदोन रिपा बदला, भागतं." रिपा म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, कौलं त्यांवर बसतात. एकाच ठिकाणी गळत असेल तर दुरुस्ती. आढं मध्ये वाकलेलं, रिपा कुजलेल्या, कौलं हातात भुरभुरणारी, असं असेल तर मात्र डागडुजी म्हणजे मढ्याला उटणं. आणि बदलताना आधीपेक्षा जड छप्पर चढवायचं असेल तर भिंतींना ते झेपेल का, हे इंजिनिअरला विचारायचं. मला विचाराल तर स्वतःचं काम कमी करून सांगणारा मिस्त्री दिसला की त्याचा फोननंबर दोन ठिकाणी लिहून ठेवावा.

फुटलेलं एकच कौल मी स्वतः बदलणार असं जाहीर केलं. शिडी भिंतीपासून दूर किती, तर उंचीच्या पाव. ४ मीटर वर जायचं तर पाया १ मीटर बाहेर. वर शिडीचं टोक कडेच्या मीटरभर पुढे हवं, म्हणजे उतरताना हाताला काही तरी राहतं. एवढं मी पाळलं. पाय मात्र कौलाच्या मधोमध दिला. द्यायचा असतो खालच्या कडेजवळ, जिथं खाली रीप आणि दुसऱ्या कौलाचा आधार असतो. मधोमध फक्त हवा असते. वरचं कौल दोन पाचरींनी उचलायचं, फुटलेलं सरकवून काढायचं, नवं घालून त्याची नखी रिपेत अडकवायची, काम पाच मिनिटांचं. एक कौल बदलायला गेलो होतो, सहा बदलून खाली आलो.

पट्टी बसली. स्लॅबवर नवा थर झाला. शेवटी मिस्त्री म्हणाले, पाणी भरून दोन दिवस बघू. गच्चीवरचं पाणी वाहून जायचे दोन नळ, दोन्हींची तोंडं बंद करायची, ५ सेंटिमीटर पाणी ठेवायचं. गच्ची ६० चौरस मीटर, म्हणजे ३००० लिटर, म्हणजे डोक्यावर तीन टन. हा हिशेब मी झोपताना बायकोला सांगितला, ती बैठकीत झोपायला गेली.

"एखादी चिंधी द्या," एका नळाला गोणपाट कोंबून मिस्त्री म्हणाले होते. मी समोर दिसलं ते दिलं.

दोन दिवसांत थेंब नाही. गोणपाट मिस्त्रींनी उपसलं, पाणी गेलं, आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं.

महिन्यानं मोठा पाऊस आला. पहाटे तीनला माझ्या उजव्या डोळ्यावर थेंब पडला. या वेळी मी आधी बादली आणली. बायको कपाटात शोधत होती.

"अहो, बादलीत टाकायला तुमचं ते बनियन कुठंय?"

मी काही बोललो नाही. छत्री घेतली आणि जिना चढलो. गच्चीवर पोटरीभर पाणी, पत्र्याच्या पट्टीच्याही वर चढलेलं. एका नळावर पाचोळ्याचा गठ्ठा बसलेला. दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घातला, बोटांना ओळखीचं कापड लागलं, ओढलं आणि पाणी गर्जना करत निघालं.

"सापडलं का?" खालून आवाज आला.

"सापडलं!"

"मग पिळून आणा!"