मार्शल पण पक्षाचाच माणूस होता की!

गेल्या काही वर्षांपासून मी व्हर्जिनियात रिचमंडला आहे, इथे अमेरिकेचा जुना चीफ जस्टिस जॉन मार्शल याचं १७९० मधलं विटांचं घर अजून उभं आहे, आता म्युझियम आहे ते. २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात एका पक्षाच्या माजी प्रवक्त्या जज झाल्या आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर जुंपली, पक्षाचा माणूस निःपक्ष निकाल देईलच कसा वगैरे. मला राहून राहून हा मार्शलच आठवत होता.

कारण हा बाबा पक्का फेडरलिस्ट पक्षाचा, अध्यक्ष अ‍ॅडम्सचा परराष्ट्रमंत्री. अ‍ॅडम्स निवडणूक हरला आणि जाता जाता १८०१ मध्ये यालाच चीफ जस्टिस करून गेला, वर महिनाभर साहेब दोन्ही खुर्च्यांवर! पुढे ३४ वर्षं, मरेपर्यंत, हलला नाही.

१८०३ ची मार्बरीची केस तर कहर. मार्बरी नावाच्या, जाता जाता न्यायाधीश नेमलेल्या माणसाचं नेमणूकपत्र पोचवायचं राहून गेलं, ते खातं कोणाचं, तर मार्शलचंच, आणि निकाल द्यायला बसला कोण, तोही मार्शलच. आपल्याकडे आज असं झालं तर रान उठेल, उठायलाच हवं. पण निकाल काय दिला बघा: मार्बरीचा हक्क खरा, पण ते पत्र द्या असा आदेश कोर्टाला काढू देणारं कायद्याचं कलमच घटनाबाह्य. म्हणजे आपल्याच पक्षवाल्याला हात हलवत परत पाठवलं, विरोधी पक्षाचा नवा अध्यक्ष जेफरसनला धुडकावायला ऑर्डरच ठेवली नाही, आणि कायदा रद्द करायची पॉवर मात्र कोर्टाकडे घेतली. आपल्या घटनेत ती कलम १३ मध्ये सरळ लिहिलेलीच आहे.

म्हणून पक्ष कुठला होता हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. मार्शल घसरला तो दुसरीकडेच. याच्या मालकीचे शेकडो गुलाम होते, आणि १८१३ मध्ये मिमा क्वीन नावाची गुलाम बाई आपली पूर्वज स्वतंत्र होती म्हणून सुटका मागायला कोर्टात आली तेव्हा याने तो पुरावा ऐकीव म्हणून उडवून लावला. बेंचवरच्या जस्टिस डुव्हॉलने विरोध नोंदवला, पण एकट्यानेच. शिकागोतल्या एका लॉ स्कूलने २०२१ मध्ये आपल्या नावातून मार्शलचं नाव काढून टाकलं ते या गुलामांपायीच.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं की त्या बाईंचा जुना पक्ष सगळ्यांना पाठ आहे, पण मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बऱ्याच जजेसची मालमत्ता वेबसाइटवर टाकली, ती कोणी उघडून बघितली का? काकांनी लिंक मागितलीये.