ग्रेंज फक्त पुरुषांची नव्हती

अमेरिकेतल्या ग्रेंज या शेतकरी संघटनेला तुमच्या लेखात ‘फ्रीमेसनच्या धर्तीवरची शेतकरी पुरुषांची संघटना’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. विधी, पदव्या, परवलीचे शब्द फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या पुरुषांच्या मंडळाकडून उचलले हे खरं. पण १८६७ साली ऑलिव्हर केली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संघटना काढली, तेव्हापासून बायकांना पूर्ण सभासदत्व आणि मताचा हक्क होता. देशाच्या घटनेत तो हक्क यायला १९२० उजाडलं! बायकांना बरोबरीने घ्या, हा आग्रह केलीच्या नात्यातल्या कॅरोलाइन हॉलचा. १८९२ मध्ये ग्रेंजने तिला संस्थापकांच्या बरोबरीचा मान दिला. लेखात तिचं नावसुद्धा नाही.

मी न्यू हॅम्पशायरमध्ये राहते. आमच्या गावच्या ग्रेंज हॉलमध्ये नव्या पदाधिकाऱ्यांचा पदग्रहण समारंभ सगळ्यांना खुला होता, म्हणून गेले होते. मधोमध वेदी, तिच्यावर उघडलेलं बायबल, आणि एका बाजूला रोमन देवींच्या नावाच्या पदांच्या तीन खुर्च्या: धान्याची सीरीज, फळांची पोमोना, फुलांची फ्लोरा. ही पदं परंपरेने बायकांची. सीरीजच्या खुर्चीवर आमच्या शेजारच्या आजी बसल्या होत्या, खांद्यावरून पट्टा आणि पायाशी गव्हाच्या लोंब्यांची पेंढी. नंतर गावच्या जत्रेतल्या भाजीपाला प्रदर्शनाचा विषय निघाला, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच होता.

रेल्वेच्या मनमानी भाड्याविरुद्धच्या लढ्यावर, धान्य कोठारांच्या दरांवर राज्याला मर्यादा घालता येते असं ठरवणाऱ्या १८७७ च्या ‘मन विरुद्ध इलिनॉय’ निकालावर तुम्ही छान लिहिलंय. तेवढं ते ‘पुरुषांची’ मात्र कृपया दुरुस्त करा.